भाजलेली मोहरी

गुलाब मेली आणि महिन्याभरात ती अख्ख्या गावाला दिसून झाली. दिसली नाही ती फक्त तिच्या आईला.

कोणाला ती तुरीच्या शेताच्या धुऱ्यावर दिसली, कोणाला शेतांकडे जाणाऱ्या पांदणीतल्या चिंचेखाली, कोणाला पिठाच्या चक्कीमागे. आणि दिसायची ती भर दुपारी. त्या भागातल्या भुतांना रात्र फारशी मानवत नाही. रात्री माणसं दमून आडवी होतात, भूत बघायला जागं कोण राहणार? दुपारी मात्र कापूस वेचणाऱ्या बाया झाडाखाली भाकरी सोडून बसतात. हाताला जरा उसंत असते, तोंडाला तर असतेच. शिवाय भुताचं एक बरं असतं, ते पाहिलं म्हणणाऱ्याला कोणी पुरावा मागत नाही.

जयवंताने, गुलाबच्या आईने, मागितला. पहिली बातमी तिच्या कानावर विहिरीवर पडली. तिने भरलेली घागर तिथेच काठावर ठेवली आणि जिने गुलाबला पाहिलं म्हणे, तिच्या घरी सरळ चालत गेली. जयवंता तोंडाची तिखट म्हणून गावात नावाजलेली होती. मागच्या बायांना वाटलं, आता ही तिच्या झिंज्या धरणार, म्हणून त्याही घागरी तशाच टाकून गंमत बघायला मागोमाग निघाल्या. पण जयवंता भांडली नाही. ती त्या बाईच्या ओट्यावर टेकली आणि एखादी आई लेकीच्या सासरहून आलेल्या माणसाला विचारते तशी विचारू लागली. कोणतं लुगडं नेसली होती? वाळली होती का? केस विंचरलेले होते की तसेच मोकळे?

ती बाई गडबडली. लुगडं हिरवं होतं म्हणाली, मग पांढरं होतं म्हणाली. पाय उलटे होते एवढं मात्र तिने शपथेवर सांगितलं. जयवंताने ते सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणून शेवटचं विचारलं.

"पदर ओला होता का व तिचा? दूध आलं होतं का तिले?"

भूत बघताना एवढं कोणी बघत नाही. गंमत बघायला आलेल्या बाया खाली मान घालून एकेक करत सटकल्या. त्यानंतर जयवंता ज्याने ज्याने गुलाबला पाहिलं त्या प्रत्येकाच्या दारात गेली आणि हेच विचारत राहिली, आणि हळूहळू गुलाब लोकांना निदान तिच्या कानाआडच दिसायला लागली. कोणी म्हणे पोरीच्या दुःखाने तिचं डोकं फिरलं. डोकं ठिकाणावर होतं. तिला फक्त एक गोष्ट सलत होती आणि ती तिने एकदा नवऱ्याला, रूपरावला, बोलून दाखवली.

"साऱ्या गावाले दिसते. मलेच काऊन दिसत नाई?"

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. गुलाबच्या घरच्या वाटेवर त्यांनीच मोहरी टाकली होती.

आणीबाणी उठली त्या वर्षीची ही गोष्ट. गाव हिंगणघाटपासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, मधे नाला. गुलाब पहिलटकरीण म्हणून दसऱ्याच्या आधीच कारंज्याकडच्या सासरहून माहेरी आली होती. कोजागिरीच्या सुमाराला तिचं पोट दुखायला लागलं, आणि त्याच दिवशी परतीच्या पावसाने नाला तुडुंब भरला. गाडी जुंपून रूपराव नाल्यापर्यंत गेला आणि परत आला. शकुबाई सुईण होतीच. शेजारीच राहायची. जयवंताची बाळंतपणं तिनेच केली होती, गुलाबलाही या जगात तिच्याच हातांनी आणलं होतं. पोरगी झाली, रडली, धडधाकट निघाली. पण गुलाबचं रक्त थांबलं नाही. उजाडता उजाडता ती गेली, पोरीला छातीशी धरायच्या आत.

आता रीत अशी. बाळंतपणात मेलेली बाई तान्ह्या लेकराच्या ओढीने घराकडे परत येते आणि लेकरू घेऊन जाते, असं तिथे मानतात. म्हणून तिची वाट अडवायची. मसणवटीतून परतताना घरच्या माणसाने सगळ्यात मागे चालायचं, मूठ मूठ मोहरी मागे टाकत यायची, वळून बघायचं नाही. शेवटची मूठ आपल्या उंबऱ्याबाहेर टाकायची आणि म्हणायचं, ही मोहरी उगवन तेव्हा घरी येजो. मोहरी आधी चांगली भाजून घेतलेली असते आणि भाजलेला दाणा काही उगवत नसतो. म्हणजे मेलेल्या बाईला तोंडावर येऊ नको म्हणायचं नाही आणि येऊही द्यायचं नाही. जिवंत लेकीबाळींनाही लोक असंच तर बोलावतात. दिवाळीला नाही जमलं, संक्रांतीला बघू.

हे सगळं रीतसर करून घेतलं ते रुख्माबाईने, रूपरावच्या आईने. म्हातारी सत्तरीच्या घरातली, पण घरातलं पानही तिच्या शब्दाशिवाय हलत नसे. त्या दिवशी तिच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून तिने मोहरी शकुबाईकडे दिली आणि चांगली काळी होईस्तोवर भाजून आण म्हणून बजावलं. शकुबाईने पुरचुंडी बांधून आणली. ती तिने थेट रूपरावच्या हातात दिली.

जयवंता तेव्हा दाराच्या आत होती, नातीला पदराखाली घेऊन. बाहेर नवऱ्याची पावलं वाजली, उंबऱ्याच्या दगडावर दाणे सांडल्याचा बारीक आवाज आला आणि मग रूपरावचा आवाज आला. उगवन तेव्हा घरी येजो. जयवंताला वाटलं, उठावं आणि दार उघडून ओरडावं की माहेरी आलेल्या पोरीला असं हाकलतात का? पण ती नातीला थोपटत तशीच बसून राहिली. पुढे कितीतरी दिवस ती रूपरावशी धड बोलली नाही. त्याने जेवायला मागितलं की ताट वाढायची आणि तोंड फिरवून बसायची.

पोरीचं नाव तिने माणिक ठेवलं. कारंज्याकडचे लोक एकदा येऊन पोर बघून गेले आणि पुढे बघू म्हणाले, ते पुढेच राहिले. शेळीच्या दुधावर माणिक वाढू लागली. रुख्माबाईने तिच्या झोळीला बिब्बा आणि काळा दोरा बांधला, उशाखाली विळा ठेवला. माणिक झोपेत हसली की म्हातारी दचकून दाराकडे बघायची आणि दार ढकलून घ्यायची. जयवंता तेच दार उठून पुन्हा उघडायची. दोघी एकमेकींना काही बोलत नसत. दिवसातून कितीदा तरी ते दार असं लागायचं आणि उघडायचं.

गुलाबने लेकराचं तोंडही नीट पाहिलं नव्हतं. एकदा तिने यावं, पोर बघावी, हात फिरवावा, पुढचं पुढे. जयवंताला एवढंच हवं होतं. भूत होऊन का होईना, येऊ दे. घाबरायचं तर परक्याच्या भुताला घाबरावं. पोटच्या पोरीला कोण घाबरतं?

दिवाळी झाली आणि अवकाळी पावसाची एक झड येऊन गेली. कापूस भिजला म्हणून गाव हळहळलं. त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी सडा टाकताना जयवंताला उंबऱ्याबाहेर दगडाच्या फटीत हिरवे ठिपके दिसले. दोन-दोन पानांची बारीक रोपं. तण म्हणून तिने उपटायला हात घातला, आणि थांबली. का थांबली ते तिलाही सांगता आलं नसतं. तिने त्यांच्याभोवती दगडाचे चार तुकडे लावले, म्हणजे कोणाचा पाय पडायला नको.

मग पौष लागला आणि झाडांना फुलं आली. तिकडे मोहरी शेतात फारशी कोणी लावत नाही. ती फोडणीपुरती दुकानातून यायची. त्यामुळे पांदणीच्या कडेने रोपं वाढली तरी ती गवतात गवत म्हणून खपून गेली होती. पिवळी झाली तेव्हा ती साऱ्यांना एकदमच दिसली. मसणवटीपासून निघालेली, पांदणीच्या धुऱ्याधुऱ्याने आलेली, चिंचेखालून वळलेली, गावात शिरून रूपरावच्या अंगणातून थेट उंबऱ्याशी संपलेली पिवळी रेघ. जिथे गाडीची चाकं जात तिथे तुटक, कडेला भरगच्च. कोणाला काही सांगायची गरज नव्हती. वाट कुठून आली आणि कुठे जाते, लहान पोरालाही दिसत होतं.

गावाची पाचावर धारण बसली. भाजलेली मोहरी उगवली होती. वेचणीच्या बाया त्या पांदणीने जायला तयार होईनात, शेतं हाकेच्या अंतरावर असून लोक दूरच्या वाटेने फिरून जाऊ लागले. गुलाब आता दुपारीच नाही, सकाळीही दिसू लागली. रुख्माबाईने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी तिने शेजारच्या गावच्या नत्थूजी भगताला सांगावा धाडला.

नत्थूजी अंगाने किरकोळ, आवाजाने दणदणीत. एरवी सायकलींची पंक्चर काढायचा, अमावास्येला भुतं काढायचा. दोन्हीकडे हवा कुठून जाते ते आधी शोधावं लागतं असं तो म्हणायचा. त्याने पांदण बघितली, मान हलवली आणि उपाय सांगितला. येत्या अमावास्येला दुपारी बाराच्या ठोक्याला सगळी झाडं मुळासकट उपटून मसणवटीत जाळायची. उंबऱ्यात लोखंडी खिळे ठोकायचे आणि एक मोठा खिळा चिंचेत. मग ती बाई चिंचेला बांधली जाईल ती कायमची. ना घरी येणार, ना पुढे जाणार.

हे त्याने अंगणात उभं राहून सांगितलं, आणि आत झोळीची दोरी ओढत बसलेल्या जयवंताने ते ऐकलं. ना घरी, ना पुढे.

अमावास्येला दुपारी सारं गाव अंगणात लोटलं. विळे घेतलेले गडी, पदराने तोंड झाकलेल्या बाया, खिळे आणि हातोडी घेऊन नत्थूजी. रुख्माबाई ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. आणि उंबऱ्यावर माणिकला मांडीवर घेऊन जयवंता बसली होती. तिन्हीसांजेला काय, कधीच उंबऱ्यावर बसू नये, घराला अपशकुन होतो, हे तिनेच गुलाबला लहानपणी धपाटे घालून शिकवलं होतं. आज ती मुद्दाम बसली होती, पाय बाहेर सोडून, मोहरीच्या रोपांच्या दोन बाजूंना.

नत्थूजीने तिला उठायला सांगितलं. ती उठली नाही. त्याने आवाज चढवला, झाडं म्हणजे अवदसेची खूण आहे, मांडीवरची पोरगी हकनाक जाईल, असं बरंच सांगितलं. जयवंताने त्याचं सगळं बोलून होऊ दिलं. मग ती त्याच्याशी नाही, गावाशी बोलली.

"माही पोरगी जाऊन राह्यली होती तवा तुम्ही तिले काय म्हटलं? उगवन तेव्हा येजो, असं म्हटलं का नाई? तुम्ही साऱ्यांनी आयकलं. आता उगवली. तिनं तं तुमचा शब्द पाळला, आपली गुमान वाट पाहात बसली. अन् तुम्ही आता विळे घेऊन आले. जित्या माणसाले फशवता थे फशवता, मेल्याले बी फशवता का?"

त्या गावात शब्दावर बैलजोड्या विकल्या जात आणि सोयरिकी ठरत. दिलेला शब्द फिरवणाऱ्याच्या घरी कोणी पाणी पीत नसे, आणि इथे तर अख्ख्या गावाने मिळून शब्द दिला होता. एका म्हाताऱ्याने विळा हळूच पाठीमागे धरला.

नत्थूजी मात्र धंद्याला पक्का होता. त्याने हात उंच करून विचारलं की भाजलेला दाणा आपसूक उगवतो का? ही करणी नाही तर दुसरं काय?

"करणी कायची आली," बायांच्या मागून आवाज आला. "भाजलीच नोती मोहरी."

शकुबाई पुढे आली. बुटकी, कंबरेत वाकलेली, हातात तंबाखूची चंची. ती कोणाकडे न बघता जयवंतासमोर येऊन उभी राहिली आणि तिलाच सांगितल्यासारखं बोलली. आजवर गावात कितीतरी बायांसाठी तिने मोहरी भाजली होती. ज्यांना वाचवता आलं नाही त्यांचीच वाट बंद करायचं कामही तिच्याच चुलीवर येई. त्या दिवशीही तिने तवा ठेवला होता, जाळ केला होता. मोहरी टाकायला मूठ उचलली आणि ती उघडेचना.

"ह्याच हातानं तिले आत घेतलं होतं म्या," शकुबाई म्हणाली. "मंग ह्याच हातानं दार कसं लावू? कच्चीच बांधली पुरचुंडी. अन् दुसऱ्यांदा बी तसंच करीन, सांगून ठेवतो."

अंगणात एकच कल्ला उठला. घात केला, गावावर अवदसा आणली, आता हिला कोण बाळंतपणाला बोलावणार, असं जो तो म्हणू लागला. शकुबाईने शांतपणे तंबाखू मळली आणि म्हणाली की नका बोलावू, आपापली तुम्हीच करा. एक-दोन पोटुशा सुना घाबरून सासवांकडे बघायला लागल्या, तेव्हा कल्ला आपोआप कमी झाला.

नत्थूजीने संधी बघून पवित्रा बदलला. मोहरी कच्ची होती म्हणजे विधीच झाला नाही, विधी नाही तर शब्दही नाही, तेव्हा झाडं उपटायला हरकत नाही, असं त्याने सांगितलं आणि हातोडी घेऊन तो उंबऱ्याकडे सरकला. जयवंताने माणिकला घट्ट धरलं. आता एकटीने किती जणांना अडवायचं, असं तिच्या मनात आलं आणि पहिल्यांदाच तिला भीती वाटली.

तेवढ्यात रूपराव मधे आला. कोणाशी वाकडं बोलायचं नाही, आई सांगेल ते करायचं, असं जन्मभर वागलेला माणूस. त्याने नत्थूजीच्या हातातले खिळे काढून घेतले आणि सदऱ्याच्या खिशात घातले.

"मोहरी कच्ची असो का भाजेल असो," तो म्हणाला, "शब्द माहा हाये. माह्या तोंडून गेला. तो कच्चा नोता."

मग तो बायकोच्या शेजारी जाऊन उंबऱ्यावर बसला. अपशकुन व्हायचा तो आता पुरता झाला होता. नवरा-बायको उंबऱ्यावर, मांडीवर पोर, आणि पायांशी पिवळी मोहरी. जयवंताने त्याच्याकडे पाहिलं नाही, पण जरा सरकून त्याला जागा दिली. तीन महिन्यांतलं तिचं त्याच्याशी पहिलं धड बोलणं ते होतं. गाव थोडा वेळ घुटमळलं, मग बाराचा ठोका टळून गेला म्हणून आपापल्या घरी जेवायला गेलं. रुख्माबाई मात्र खांब धरून तशीच उभी राहिली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. ती आत गेली, आणि त्या दिवसापासून सुनेशी बोलेनाशी झाली.

त्यानंतर एक नवल झालं. गुलाब कोणाला दिसेनाशी झाली. चिंच मोकळी, चक्की मोकळी. लोकांनी आपापला अर्थ काढला. जयवंताचं म्हणणं एवढंच होतं, की घरची वाट मोकळी झाल्यावर पोरगी कशाला झाडाझुडपात बसेल?

पण तिलाही ती दिसत नव्हती. रोज दुपारी जयवंता दार सताड उघडं टाकायची, झोळी दारासमोर आणायची आणि कामाचं निमित्त करून तिथेच घुटमळायची. उन्हाची पट्टी उंबरा ओलांडून आत यायची, झोळीखालून सरकत भिंतीवर चढायची. बाकी कोणी यायचं नाही. एक दिवस ती चिडली आणि तिने रिकाम्या दाराला चक्क शिव्या घातल्या. एवढं गाव अंगावर घेतलं मी तुझ्यासाठी, आणि तुझा पाय निघत नाही का, असं म्हणाली. म्हणून झाल्यावर तोंडात पदर कोंबून रडली. सण आला तरी सासरहून न आलेल्या लेकीवर आया अशाच चिडतात.

माघात एका दुपारी शेळी दावं तोडून पळाली. घरात कोणी नव्हतं. रुख्माबाई देवळात, रूपराव शेतात. माणिक भुकेने रडत होती. जयवंता तिला झोळीत टाकून शेळीमागे धावली, आणि ती मेली शेळी थेट नाल्यापर्यंत गेली. तिला ओढत परत आणता आणता बराच उशीर झाला. रडून रडून पोरीचा घसा सुकला असेल म्हणून जयवंता धापा टाकत अंगणात आली, तर घर शांत होतं. वारा नव्हता, पान हलत नव्हतं. झोळी मात्र हळूहळू हलत होती, कोणी नुकताच हात काढून घेतल्यावर हलते तशी.

जयवंता उंबऱ्याशीच थांबली. मग पाय न वाजवता आत गेली आणि झोळीत वाकली. माणिक मुठी सैल सोडून गाढ झोपली होती. पोट टम्म भरलेलं. ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा एक थेंब होता, अजून ओला. शेळीची धार तर काढायचीच होती.

घाबरली का जयवंता? मुळीच नाही. ती तिथेच भुईवर बसली आणि तिला हसू आलं, रडू आलं, दोन्ही आलं. तो थेंब तिने पुसला नाही. ही गोष्ट तिने कोणालाही सांगितली नाही, रूपरावलाही नाही. गावाकडे आधीच भरपूर गोष्टी होत्या. ही एक तिची स्वतःची होती.

फाल्गुनात मोहरी पिकली. जयवंताने पांदणभर फिरून शेंगा काढल्या, अंगणात वाळवल्या, बडवल्या, आणि एका दुपारी सूप घेऊन ती दाणे पाखडायला बसली. रुख्माबाई ओसरीवरून उठली आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा तिच्याजवळ येऊन बसली. मग बोटांनी दाणे चाळवत म्हणाली, "सुमित्रा म्हणून होती माही एक. तुह्या नवऱ्याहून मोठी."

जयवंताचं सूप थांबलं. आपल्याला एक नणंद होती आणि ती लहान वयात गेली, एवढं तिला उडत उडत ठाऊक होतं. तिचं नाव या घरात आज पहिल्यांदा ऐकू आलं होतं.

रुख्माबाई थांबत थांबत बोलली. सुमित्राही अशीच पहिल्या बाळंतपणाला आलेली, याच घरात गेली. लेकरूही गेलं. रूपराव तेव्हा लहान, तापाने फणफणलेला. मेलेली परत येते आणि घरातलं तान्हंलहान घेऊन जाते असं सगळे म्हणत होते. मोहरी शेजारीण भाजून देणार होती. पण शेजारणीच्या हातून दाणा कच्चा राहिला तर, म्हणून रुख्माबाई स्वतः तिच्या चुलीपुढे जाऊन बसली.

"म्या भाजली, सोताच्या हातानं," ती म्हणाली. "कोळसा होईस्तोवर भाजली. एक पोरगं वाचवासाठी एका पोरीले बाहेर ठेवलं. मंग दरसाली दिवाळी झाली का पांदणीत जाऊन पाह्यत होती. एखांदा तरी दाणा चुकला असन म्हणून. नाई उगवला व. एकबी नाई उगवला."

या म्हातारीचा तिने इतके दिवस मनोमन दुस्वास केला होता. दार लावणारा तो हात आता तिच्या सुपातल्या दाण्यांवर फिरत होता. रुख्माबाईने वर न बघता विचारलं, "मूठभर देशीन काय मले?"

जयवंताने मूठभर नाही, पायलीभर दाणे एका स्वच्छ फडक्यात बांधले आणि सासूच्या ओटीत घातले. पण आता उन्हाळा तोंडावर होता, आत्ता टाकलेले दाणे जळून जातील, हे दोघींनाही कळत होतं. दिवाळीपर्यंत ठेवावे लागतील असं जयवंता म्हणाली. तोवर मी राहिले तर, असं म्हातारी म्हणाली आणि फडकं उशाशी ठेवून दिलं.

राहिली ती. हट्टाने राहिली. उन्हाळा काढला, पावसाळ्यात दोनदा अंथरुणाला खिळली आणि दोनदा उठली. दिवाळी झाली, जमिनीत ओल होती, आणि एका दुपारी भर बाराला रुख्माबाई काठी टेकत मसणवटीत गेली. जयवंता माणिकला कडेवर घेऊन मागे होती. शकुबाईही आली होती, न बोलावता. बाकी गाव आपापल्या दारात उभं राहून बघत होतं, पण मधे यायची कोणाची छाती नव्हती.

म्हातारी मूठ मूठ मोहरी टाकत निघाली. टाकणाऱ्याने मागे वळून बघायचं नाही ही रीत. रुख्माबाई प्रत्येक मुठीला वळून बघत होती, कोणी पाठोपाठ येतंय का, चालताना मागे तर पडत नाही ना, असं. त्यामुळे पांदण संपायला फार वेळ लागला. उंबऱ्याशी आल्यावर तिने उरलेले सगळे दाणे फडक्यासकट झटकले. आता शब्द द्यायचा होता. तिचे ओठ हलले, ही मोहरी उगवन, एवढं ती म्हणाली आणि थांबली. मान हलवून तिने ते वाक्य तसंच सोडून दिलं, आणि रिकाम्या पांदणीकडे तोंड करून खणखणीत आवाजात हाक मारली.

"सुमित्रे, उगवाची वाट नोको पाहू माय. तशीच येऊन जाय."